शुगर कंट्रोलमध्ये, कोलेस्टेरॉल नॉर्मल. मग आप्पांना स्टॅटिन कशाला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे पक्कं होईल. आप्पांचं वय ५७, चिकोडी तालुक्यात स्वतःचा ऊस, मधुमेह ९ वर्षांपासून. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर) ६.९. लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, एकूण कोलेस्टेरॉल १८२, ट्रायग्लिसराइड २६०, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ३२, एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) ९८. छातीत कधी दुखलेलं नाही. तंबाखू-चुना दिवसातून चार-पाच वेळा. डॉक्टरांनी रोसुव्हास्टॅटिन २० (स्टॅटिन गटातली, कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) रोज एक अशी लिहून दिली आहे. तुम्ही विचारताय की शुगर ताब्यात आहे, कोलेस्टेरॉल दोनशेच्या आत आहे, एलडीएल शंभराच्या आत आहे, वाढलंय ते फक्त ट्रायग्लिसराइड, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला? शिवाय या गोळीनं शुगर वाढते असं कुणी सांगितलं, ते खरं का? आणि आतून ब्लॉकेज झालं असेल का?

बेळगावात मेडिसिनची प्रॅक्टिस करताना हा प्रश्न मला इतक्या वेळा ऐकायला मिळतो, की पेशंटनं फाईल उघडायच्या आधीच मला कळतं पुढे काय येणार: "डॉक्टर, शुगर कंट्रोलमध्ये हाय की, मग ही आणि एक कशाला?" प्रश्न रास्त आहे. नऊ वर्षं पथ्य पाळून, गोळ्या घेऊन माणसानं एचबीए१सी ६.९ वर ठेवलाय आणि बक्षीस म्हणून डॉक्टर आणखी एक गोळी हातात ठेवतो. राग येणारच.

पण तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे, ते आधी बाजूला काढू. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेला 'नॉर्मल'चा रकाना सगळ्यांसाठी एकच असतो. पंचविशीतल्या निरोगी मुलासाठी जो रकाना, तोच नऊ वर्षं मधुमेह असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या ५७ वर्षांच्या माणसासाठी. लॅबवाल्याला आप्पा माहीत नसतात. म्हणून 'कोलेस्टेरॉल नॉर्मल' या शब्दांना आप्पांच्या बाबतीत फारसा अर्थ नाही. खरा प्रश्न असा आहे की त्यांच्या रक्तात रोहिणीच्या (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या) भिंतीत शिरू शकणारे चरबीचे कण किती आहेत.

तो आकडा बऱ्याच रिपोर्टांत ठळक छापलेला नसतो, पण एका वजाबाकीत निघतो. एकूण कोलेस्टेरॉल १८२, त्यातून एचडीएल ३२ वजा करा. उरले १५०. याला नॉन-एचडीएल कोलेस्टेरॉल म्हणतात. आप्पांसारख्या माणसाचा हा आकडा १०० च्या खाली हवा. तिथे त्यांचा दीडशे आहे. सगळा कागद 'नॉर्मल' दिसत असताना हा एक आकडा दीडपट आहे, आणि पेशंटच काय, कधी कधी डॉक्टरही त्याच्यावरून नजर फिरवून पुढे जातात.

एलडीएल ९८ दिसत असताना नॉन-एचडीएल एवढा का, हे कळायला मधुमेहात चरबीचं काय होतं ते बघावं लागेल. इथे जरा सावकाश वाचा, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे.

इन्सुलिनचं काम नुसतं साखर पेशींत घालणं नाही. जेवणानंतर ते चरबीच्या पेशींमधून फॅटी ॲसिड बाहेर पडणंही थांबवतं. टाईप २ मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, आणि ही फॅटी ॲसिड नको तेव्हाही रक्तात उतरून यकृताकडे जात राहतात. यकृत त्यांचं ट्रायग्लिसराइड बनवतं आणि व्हीएलडीएल नावाच्या कणांत भरून परत रक्तात सोडतं. या कणांतली चरबी सोडवून स्नायूंना देणारं एक एन्झाइम रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला असतं, लायपोप्रोटीन लायपेज. मधुमेहात तेही मंदावतं. तयार होणारा माल वाढला आणि उचल कमी झाली, म्हणून ट्रायग्लिसराइड २६०.

गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. रक्तात सीईटीपी नावाचं एक प्रथिन आहे, ते या कणांमध्ये अदलाबदल घडवून आणतं. व्हीएलडीएलमधलं ट्रायग्लिसराइड एलडीएल आणि एचडीएलमध्ये जातं, बदल्यात त्यांच्यातलं कोलेस्टेरॉल व्हीएलडीएलकडे येतं. ट्रायग्लिसराइडनं भरलेल्या एलडीएलमधून यकृतातलं आणखी एक एन्झाइम ते ट्रायग्लिसराइड काढून घेतं आणि मागे राहतो बारीक, घट्ट एलडीएल कण. एचडीएलचीही तीच गत होते. बारीक झालेले एचडीएल शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून तो आकडा ३२ वर आलेला. म्हणजे जास्त ट्रायग्लिसराइड, कमी एचडीएल आणि दिसायला बरं एलडीएल हे तीन सुटे निकाल नाहीत. एकाच बिघाडाच्या या तीन बाजू आहेत, आणि मधुमेहात हे त्रिकूट इतकं ठरलेलं असतं की नुसतं लिपिड प्रोफाइल बघून 'शुगर तपासली का हो?' असं आम्ही विचारतो.

आता त्या ९८ बद्दल. हंगामात चिकोडी-निपाणी रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर लागलेले तुम्ही रोज बघता. रस्ता तुंबतो तो ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या संख्येनं. एकूण ऊस किती टन आहे यानं नव्हे. तेवढाच ऊस अर्ध्या भरलेल्या दुप्पट ट्रॉल्यांतून नेला तर टनेज तेच राहील आणि रस्ता दुप्पट तुंबेल. एलडीएल कोलेस्टेरॉल हे टनेज आहे. आप्पांचे कण बारीक आहेत, प्रत्येकात कोलेस्टेरॉल कमी मावतं, त्यामुळे टनेज ९८ दिसलं तरी कणांची संख्या त्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. प्रत्येक एलडीएल आणि व्हीएलडीएल कणावर अपोबी नावाचं प्रथिन एक आणि एकच असतं, म्हणून अपोबी मोजलं की थेट कण मोजल्यासारखं होतं. ही तपासणी आता बेळगाव, कोल्हापूर, मिरजेत सहज होते. परवडत असेल तर एकदा करा. नाही केली तरी अडत नाही, नॉन-एचडीएलची वजाबाकी बऱ्यापैकी तेच सांगते. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००४) हार्ट ॲटॅकशी सगळ्यात घट्ट नातं दिसलं ते याच अपोबीचं, अपोए१ शी (एचडीएलवरच्या प्रथिनाशी) लावलेल्या त्याच्या गुणोत्तरातून.

कण भिंतीत शिरल्यावर काय होतं, ते थोडक्यात. रोहिणीच्या आतल्या अस्तराखाली काही रेणू असतात, त्यांना अपोबीवाले कण चिकटून बसतात. अडकलेला कण ऑक्सिडाइझ होतो, शरीराला तो परका वाटू लागतो आणि पांढऱ्या पेशी त्याला गिळायला येतात. गिळून गिळून त्या फुगतात, तिथेच मरतात, त्यांच्यातली चरबी बाहेर साचते, आणि त्यावर शरीर तंतूंची एक टोपी घालतं. याला प्लाक म्हणतात. टोपी जाड असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. पातळ असेल आणि एक दिवस फाटली, तर आतला मसाला रक्ताला लागतो, तिथे गुठळी होते आणि रक्तवाहिनी काही मिनिटांत बंद पडते. हार्ट ॲटॅक बऱ्याचदा असा येतो. आधी ७० टक्के ब्लॉक असायलाच हवा असं काही नाही. ४०-५० टक्क्यांचा प्लाकही फाटू शकतो. काल शेतात काम केलेल्या माणसाला आज ॲटॅक येतो तो यामुळे.

या सगळ्याला साखर हातभार लावते. वाढलेल्या साखरेनं एलडीएलवर ग्लुकोज चिकटतो, मग यकृत त्या कणाला नीट ओळखत नाही आणि तो रक्तात जास्त वेळ रेंगाळतो. आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं, त्यामुळे वाहिनी पूर्वीसारखी सैल होत नाही. प्लेटलेट चिकट होतात. साखर ताब्यात ठेवल्यानं यातलं बरंच कमी होतं, आणि एचबीए१सी ६.९ बद्दल आप्पांना खरोखर शाबासकी द्यायला हवी. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा त्यानेच वाचतात. पण हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांच्या बाबतीत साखर एकटी पुरत नाही. २००८ साली अकॉर्ड आणि ॲडव्हान्स असे दोन मोठे अभ्यास आले. दोन्हींत साखर आणखी कडक ताब्यात ठेवून बघितली, आणि त्या काही वर्षांत हृदयविकार किंवा त्यानं येणारा मृत्यू ठळकपणे कमी झाला नाही. याउलट डेन्मार्कच्या स्टेनो-२ मध्ये साखर, रक्तदाब, चरबी आणि सवयी या सगळ्यांवर एकदम काम केलं. रुग्ण अवघे १६०, पण २१ वर्षांनी हिशोब केला तेव्हा नीट उपचार मिळालेल्या गटाचं आयुष्य सरासरी ७.९ वर्षांनी जास्त निघालं. म्हणून साखरेची गोळी आणि चरबीची गोळी यांची कामं वेगवेगळी आहेत, एक दुसऱ्याचं काम करत नाही.

आपल्या लोकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. 'आप्पा तर बारीक आहेत' असं तुम्ही लिहिलंय. पुण्याच्या डॉ. याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. भारतीय माणूस अंगानं सडपातळ दिसला तरी पोटात आणि यकृतात चरबी बाळगून असतो, आणि वर सांगितलेला बिघाड तिथूनच सुरू होतो. इंटरहार्टच्याच माहितीत दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट ॲटॅक सुमारे ५३ व्या वर्षी आलेला दिसतो, इतर देशांतल्यांना सुमारे ५९ व्या. वजनकाट्यापेक्षा कमरेला टेप लावा. बेंबीच्या पातळीवर पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर तो बारीक नाही.

आता गोळीकडे येतो. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं रोखतं. मग यकृत आपली गरज भागवायला रक्तातले एलडीएल कण जास्त खेचून घेतं. त्यासाठी पृष्ठभागावर एलडीएल रिसेप्टर वाढवतं. हे रिसेप्टर शोधल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल मिळालं. 'केमिकल नको, काहीतरी नैसर्गिक द्या' म्हणणाऱ्यांना मी गमतीनं सांगतो की पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना १९७० च्या दशकात बुरशीतच सापडलं, यापेक्षा नैसर्गिक काय देऊ!

तुमच्या प्रश्नाला अगदी नेमकं उत्तर देणारा एक अभ्यास आहे, कार्ड्स, २००४ चा. त्यात टाईप २ मधुमेहाचे २,८३८ रुग्ण होते. आधी हृदयविकार नाही, एलडीएल फार वाढलेलं नाही, म्हणजे बरेचसे आप्पांसारखे. अर्ध्यांना ॲटोरव्हास्टॅटिन १० दिलं, अर्ध्यांना नुसती दिसायला तशी गोळी. औषधाच्या गटात हार्ट ॲटॅक, लकव्यासारख्या मोठ्या घटना ३७ टक्क्यांनी कमी झाल्या आणि अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवावा लागला. पुढे चौदा अभ्यासांतल्या १८ हजारांहून जास्त मधुमेहींची माहिती एकत्र केली, तेव्हा एलडीएल साधारण ३९ नी उतरलं की मोठ्या घटना सुमारे २१ टक्क्यांनी कमी होतात असं दिसलं. सुरुवातीचा आकडा किती होता यानं फारसा फरक पडला नाही. म्हणून आम्ही 'कोलेस्टेरॉल वाढलंय का' असं न विचारता 'या माणसाचा धोका किती' असं विचारतो.

'मग ट्रायग्लिसराइडचीच गोळी द्या ना, वाढलंय तर तेच' असं तुम्ही म्हणाल. तर्क सरळ वाटतो, पण तो तपासून झालाय. २०२२ मध्ये प्रॉमिनंट नावाचा अभ्यास आला. दहा हजारांहून जास्त मधुमेही, सगळ्यांचं ट्रायग्लिसराइड वाढलेलं, एचडीएल कमी, बहुतेक जण आधीच स्टॅटिनवर. त्यांना पेमाफायब्रेट हे ट्रायग्लिसराइड उतरवणारं औषध दिलं. ट्रायग्लिसराइड २६ टक्क्यांनी उतरलं, पण हार्ट ॲटॅक काही कमी झाले नाहीत. कारण शोधलं तर अपोबी उतरलंच नव्हतं, उलट किंचित वाढलं होतं. टनेज हललं, ट्रॉल्या तेवढ्याच राहिल्या. म्हणून मी २६० ट्रायग्लिसराइडला स्वतंत्र गोळी लिहीत नाही. फेनोफायब्रेट किंवा आपल्याकडे २०१३ पासून मिळणारं सरोग्लिटाझार हे ट्रायग्लिसराइड उतरवतात, पण आप्पांना पहिलं औषध म्हणून त्यातलं काही नको. ट्रायग्लिसराइड पाचशेच्या वर गेलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते. हजारच्या पुढे गेलेल्या माणसाची रक्ताची नळी कधी लॅबमध्ये बघा. मशीनमधून फिरवून काढली की वरचा पिवळसर द्रव पारदर्शक दिसायला हवा, तो पांढराफट्ट, दुधासारखा असतो. एका पेशंटला मी ती नळी मुद्दाम दाखवली होती. गोव्याहून येणारी बाटली त्याने त्याच आठवड्यात बंद केली, जे माझ्या दोन वर्षांच्या भाषणांनी झालं नव्हतं.

शुगर वाढते का? थोडी वाढते, हे खरं आहे, कुणी लपवू नये. मधुमेह नसलेल्यांत नव्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण स्टॅटिननं सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं असं २०१० च्या एकत्रित आकडेवारीत दिसलं. त्याच आकडेवारीचा अर्थ असा की २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर एकाला जास्तीचा मधुमेह. आप्पांना तो आधीच आहे. त्यांचा एचबीए१सी ६.९ चा ७.० किंवा ७.१ होऊ शकतो. तेवढ्यासाठी पुढचा हार्ट ॲटॅक टाळण्याची संधी सोडायची का, हा सौदा तुम्हीच तपासा. मी माझ्या घरच्या माणसाला गोळी देईन.

डोसबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, पण तुमच्या डॉक्टरांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा रुग्णाचं एलडीएल निम्म्यानं उतरवा आणि ७० च्या खाली आणा. त्या हिशोबानं २० बरोबर आहे. मी मात्र रोसुव्हास्टॅटिन बहुधा १० नं सुरू करतो. आशियाई माणसाच्या रक्तात हे औषध जास्त चढतं. अमेरिकेतल्या औषधपत्रकात तर आशियाई रुग्णाला ५ पासून सुरू करायला सांगितलंय. १० नं एलडीएल साधारण ४५ टक्के उतरतं, म्हणजे ९८ चं पन्नाशीच्या जरा वर. त्यानं काम झालं तर २० कशाला? आणि डोस दुप्पट केल्यानं फायदा दुप्पट होत नाही, जेमतेम ६ टक्के आणखी मिळतात. कमी पडलंच तर एझेटिमाइब (कोलेस्टेरॉल उतरवणारं वेगळ्या प्रकारचं औषध) जोडलेलं मला जास्त पसंत. हे सगळं आप्पांच्या मूत्रपिंडावर, यकृतावर, थायरॉइडवर आणि चालू असलेल्या बाकी औषधांवर अवलंबून आहे, म्हणून इथे वाचून स्वतः डोस बदलू नका, डॉक्टरांना विचारा. थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर आधी ती करून घ्या. थायरॉइड कमी असेल तर कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही चढतात आणि स्टॅटिननं अंग दुखायची शक्यताही वाढते.

अंगदुखीवरून आठवलं. 'गोळी सुरू केली आणि मांड्या दुखायला लागल्या' ही तक्रार खरी असू शकते, पण २०२० च्या सॅमसन अभ्यासात एक मजेची गोष्ट दिसली. आधी स्टॅटिन सोडून दिलेल्या लोकांना काही महिने स्टॅटिन, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही असं दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत झालेल्या त्रासाचा ९० टक्के भाग खोट्या गोळीच्या महिन्यांतही होता. तेव्हा दुखलं तर डॉक्टरांना सांगा, सीपीके (स्नायूंना इजा झालीय का हे सांगणारी रक्ततपासणी) तपासतील, औषध बदलतील. लघवी कोकमासारखी गडद झाली तर मात्र गोळी थांबवून लगेच जा.

आता सीमाभागातली एक खास अडचण. आपल्याकडे पेशंट बेळगावात दाखवतो, मग पाव्हण्यांच्या सांगण्यावरून मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवतो, आणि दोन्हीकडच्या गोळ्या इमानदारीनं घेतो. मी पिशवी टेबलावर उलटी करायला लावतो. दोन पाकिटं निघतात, एक निळं, एक नारिंगी, नावं वेगळी, आणि मोठ्या नावाखालच्या बारीक अक्षरात दोन्हींवर रोसुव्हास्टॅटिनच. माणूस १० च्या जागी ३० घेत असतो आणि पाय दुखतात म्हणून तिसऱ्या डॉक्टरकडे आलेला असतो. आप्पांची सगळी पाकिटं काढा आणि ते बारीक नाव वाचा. याच पिशवीत ॲस्पिरिनही सापडते, 'रक्त पातळ करायची' म्हणून कुणीतरी चालू केलेली. स्टॅटिन रक्त पातळ करत नाही आणि ॲस्पिरिन चरबी उतरवत नाही. आप्पांना आधी हृदयविकार झालेला नाही, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन नको. २०१८ च्या असेंड अभ्यासात मधुमेहींना तिचा फायदा झाला खरा, पण मोठे रक्तस्राव वाढून तो बराचसा वाहून गेला.

खाण्यापिण्याचं. ट्रायग्लिसराइड २६० आहे म्हणून तुम्ही तेल-तूप बंद केलंत, आणि मी पैज लावतो की गुळाचा चहा चालूच असणार. आपल्या ऊसपट्ट्यात गूळ हा साखर नसलेला पदार्थ मानला जातो. "गूळ चालतोय न्हवं डॉक्टर, घरचाच हाय." चालत नाही. गूळ, उसाचा रस, काकवी यांतली साखर यकृतात जाऊन त्याचंच ट्रायग्लिसराइड होतं. घरच्या गुऱ्हाळातला असला म्हणून यकृत सवलत देत नाही. मधुमेहीचं ट्रायग्लिसराइड उतरवायला साखर-गूळ, भाताचा ढीग आणि दारू हे तीन आधी कमी करावे लागतात. फरक काही आठवड्यांत दिसतो. भाकरी ज्वारीची असली तरी ती पिष्टच आहे. चार खाऊन 'भाकरीच खाल्ली' म्हणू नये. दोन भाकरी, भरपूर भाजी, वाटीभर घट्ट आमटी किंवा उसळ, असं ताट करा.

एलडीएलचा संबंध तुपासारख्या घट्ट चरबीशी जास्त. भाकरीवर चमचाभर तूप घेतल्यानं आप्पांचं काही बिघडत नाही, पण डालडा, पामतेलात पुन्हा पुन्हा तळलेली मिरची भजी, आणि खव्या-साखरेचा आपला कुंदा यांना सणापुरतंच ठेवा. पाहुण्यांनी पाव किलोचा पुडा आणला की तो तिथेच वाटून संपवायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. शेंगदाण्याची चटणी वाईट नाही, फक्त मुठीनं खायची गोष्ट नाही. लसूण-आलं-लिंबाच्या काढ्यानं ब्लॉकेज विरघळतं असा जो मेसेज फिरतो, त्याला काहीही आधार नाही. काढा प्यायचा तर प्या, गोळीच्या जागी नको.

तंबाखूवर मी मोठं भाषण देत नाही, निपाणीच्या शेजारच्या माणसाला तंबाखूबद्दल मी काय शिकवणार. एवढंच सांगतो: 'ओढत नाही, नुसती मळून खातो' म्हणून हृदय सुटत नाही. चघळणाऱ्यांतही हार्ट ॲटॅकचं प्रमाण वाढलेलं इंटरहार्टमध्ये स्पष्ट दिसलं. घरातल्या बायका मिश्री लावत असतील तर तीही यातच आली. वरची सगळी औषधं एकीकडे आणि हा चुना-तंबाखू एकीकडे, असा तोल आहे.

राहिला ब्लॉकेजचा प्रश्न. लिपिड प्रोफाइलवरून ब्लॉकेज कळत नाही. ती तपासणी पुढच्या दहा वर्षांचा धोका सांगते, आजची वाहिनी दाखवत नाही. आप्पांना चालताना पोटरी दुखून थांबावं लागतं का, थांबल्यावर दोन मिनिटांत बरं वाटतं का, हे विचारा. मधुमेहात गुडघ्याखालच्या वाहिन्या लवकर खराब होतात. पुढच्या वेळी दवाखान्यात चप्पल काढून पाय तपासायला सांगा. पावलाच्या वर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोट लावून नाडी लागते का ते एका मिनिटात कळतं, पैसे लागत नाहीत. हृदयाबद्दल लक्षात ठेवा की मधुमेही माणसाला छातीत कळ येईलच असं नसतं. चढावर दम लागणं, जबडा किंवा डावा हात जड होणं, विनाकारण दरदरून घाम येणं, जेवल्यावर चालताना 'गॅस' वाटून थांबावं लागणं, यांतलं काही असेल तर ईसीजी, टूडी इको आणि गरज वाटली तर टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) करून घ्या. असं काही नसेल तर 'एकदा बघूनच घेऊ' म्हणून अँजिओग्राफी करायची गरज नाही. आणि रात्री अचानक घाम फुटून दम लागला तर गॅसची गोळी देऊन सकाळची वाट बघू नका, जवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्यात न्या.

तर आता करायचं ते असं. थायरॉइड, एसजीपीटी (यकृतासाठी), क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडासाठी) तपासून घ्या, डोसबद्दल डॉक्टरांशी बोला आणि गोळी सुरू करा. सकाळी घ्या की रात्री, रोसुव्हास्टॅटिनला फरक पडत नाही. आप्पा ज्या वेळी विसरणार नाहीत ती वेळ धरा. आठ ते दहा आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल पुन्हा करा, उपाशीपोटीच हवी असा आग्रह नाही, पण ट्रायग्लिसराइड चारशेच्या वर आलं तर उपाशीपोटी परत करा, कारण त्यापुढे लॅबनं वजाबाकीनं काढलेला एलडीएलचा आकडा भरवशाचा राहत नाही. तेव्हा एलडीएल ७० च्या आत आणि नॉन-एचडीएल १०० च्या आत आलेलं हवं. आकडे आले की इथे लिहा, आणि क्रिएटिनिन सोबत द्या. मूत्रपिंड बरंच मंदावलेलं असेल तर रोसुव्हास्टॅटिन १० च्या वर नेता येत नाही आणि मग ॲटोरव्हास्टॅटिनचा विचार करावा लागेल.